इंदुमती केशतेलाची भिंत

जुन्या रंगवलेल्या जाहिरातींच्या फोटोला दुपारचं ऊन अगदी वाईट. भिंत पांढरीफटक दिसते आणि उरलासुरला रंगही हरवतो. म्हणून मी संध्याकाळचीच जाते आणि सोबत कुंड्यांना पाणी मारायचा पंप नेते. भिंत ओली केली की विटलेला रंग थोडा वेळ वर येतो. तेवढ्यात फोटो उरकायचा.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत मला मीराबाईंनीच बोलावलं होतं. चाळ रिकामी झाली होती, दुसऱ्या दिवशी पाडकाम सुरू होणार होतं. मीराबाई तेवढ्या उरल्या होत्या. सकाळी पुतण्या विनीत त्यांना वडाळ्याला नेणार होता. त्यांच्या गॅलरीसमोरच्या भिंतीवर 'इंदुमती केशतेल'ची जाहिरात होती. तिच्यातली बाई म्हणजे मीराबाईंची थोरली बहीण, शांता. चाळीतल्याच एका पेंटरनं तिला समोर बसवून चितारलं होतं. त्याच वर्षी ती तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

"तिका हयसर एकटी टाकून कशी जाऊ?" मीराबाई म्हणाल्या. "तू फोटो दी. मगे ती माझ्यावांगडा येतली."

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पांढऱ्या केसांचा नुसता गुंता झाला होता. तरी नजर माझ्याच केसांवर.

"केस बांध गो बाय. तिन्हीसांजेक मोकळे सोडू नये. शांताक खपत नाय."

माझ्या आईचंही हेच पालुपद असे. तिचं कधी ऐकलं नाही, तर यांचं काय ऐकणार? मी हसून खाली चौकात उतरले.

पंप मारला तशी शांता हळूहळू वर आली. आधी कपाळ, मग डोळे, मग फणी धरलेला हात. हात मात्र विचित्र होता. फणी तिच्या केसांत नव्हती. समोरच्या मोकळ्या जागेवर तिनं ती धरली होती. त्या जागी मी आणखी पाणी मारलं. चुन्याखालून एक लहान मुलगी दिसू लागली. पाठमोरी, शांतासमोर बसलेली, केस सोडलेले.

"ती मी," वरून मीराबाईंचा आवाज आला. "तेलाच्या शेटाक एकच बाई होई होती. माका पुसून टाकल्यान."

मी भराभर फोटो काढले. भिंत वाळत चालली, रंग आत गेला. फणीवाला हात तेवढा ओलाच राहिला. चौकात माक्याच्या तेलाचा वास सुटला. कुठून, ते कळेना. मग मानेवर काहीतरी गार टेकलं. पंप ठिबकतोय, असं मला वाटलं. पण पंप माझ्या पायापुढे होता.

"मीराबाई..."

"मागे बघू नको," त्या वरून दबक्या आवाजात म्हणाल्या. "केस बांध... आधी केस बांध."

मी हात मागे नेला. दिवसभर वाऱ्यानं पिंजलेले माझे केस गुळगुळीत झाले होते. एकही गाठ नव्हती. मी सामान उचललं आणि मागे न बघता रस्ता गाठला.

फोटो छापायला टाकताना नीट पाहिला होता. शांता होती, पुढ्यात लहान मुलगी होती. मोठा करून वडाळ्याला पाठवला. म्हातारीला बहीण मिळाली, या विचारानं मला बरं वाटलं. मग त्यांचा फोन आला.

"शांता इली नाय गो."

"असं कसं? फोटोत आहे ना ती?"

"आसा... पण तिच्या पुढ्यात मी नाय. मोठी बाई बसली हा. पाठमोरी. खांद्यावर कॅमेऱ्याचो पट्टो..." त्या रडत होत्या. "माझी भैन माका परत दी गो."

मला त्यांची फार दया आली. त्यांना काय सांगणार होते? माझ्या घरात तेलाची बाटली नाही. वेणी मी शाळेनंतर घातलेली नाही. आता रोज सकाळी उठून आधी वेणी सोडावी लागते. तिच्या टोकाला लाल आगवळ बांधलेला असतो, आणि तो ओला असतो.