वाढवलेला दिवा

शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली. शब्द साधे आहेत, कारण माझ्याकडे तेवढेच आहेत. त्यातल्याच एका शब्दाचा अर्थ मला वेळेवर कळला नाही, म्हणून तर हे घडलं.

मी हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. खिळे, कड्या, कोयंडे, रंगाचे डबे. मालक बोलघेवडे आणि मी मुखदुर्बळ. गिऱ्हाइकांसमोर ते म्हणतात, "आमच्या पोराचं तोंड म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं शटर." लोक हसतात. मीही हसतो.

सणाच्या आठवड्यात आमच्या घरी फाटकापासून दारापर्यंत कंदील लागतात. विकतचे नाहीत, पत्र्याच्या डब्यांचे. ही कला माझ्या दादाची. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर डबा चेपतो. म्हणून दादा आधी डबा पाण्याने भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवायचा. आत बर्फ झाला की डबा दगडासारखा होतो. मग हातोडीने खुशाल ठोका, भोक पडतं पण पत्रा दबत नाही. "आत काहीतरी भरलेलं असलं ना, की मार सोसता येतो," असं तो म्हणायचा. बर्फ वितळला की तळाला वाळू घालून मेणबत्ती रोवायची. आईच्या डब्यावर भोकांचं फूल, माझ्या डब्यावर चांदणी, दादाच्या डब्यावर मासा.

नियमही दादानेच घातलेला. माणशी एक कंदील. जो घरी येईल त्याने आपला कंदील उचलून आत आणायचा. बाहेर एखादा दिसला की समजायचं, कुणीतरी यायचं राहिलंय.

दादा धरणावर पंप चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, सणाच्या आदल्या संध्याकाळी, तो आलाच नाही. काठावर सायकल आणि चपला सापडल्या. तो सापडला नाही. तेव्हापासून आई त्याचा कंदील रोज फाटकाशी लावायची, सण असो वा नसो, आणि खिडकीत खुर्ची टाकून बसायची. मेणबत्ती संपली की उठून दुसरी लावायची. दोन वर्षं तिने पाठ टेकली नव्हती. पायांना सूज आली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला झोपवा. हे फार दिवस चालायचं नाही."

यंदा सण दोन दिवसांवर आला होता. सकाळी आई शिलाई मशीनवर बसली होती. मी जेवणाचा डबा घेऊन कामाला निघालो, तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, "यंदा दादाचा दिवा वाढव."

दोन वर्षांत तिने त्याच्याबद्दल काढलेले हे पहिलेच शब्द. मी परत विचारायला हवं होतं. पण मशीन पुन्हा चालू झालं आणि माझं धाडस झालं नाही. मला वाटलं, एकाने भागत नाही, तिला त्याच्यासाठी आणखी एक हवाय.

रात्री मी एक मोठा डबा पाणी भरून बर्फाला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यावर मासा ठोकला. दादाच्या माशापेक्षा मोठा, खवल्यांसकट. मी फार मन लावून ठोकला, हे सांगायला हवं. संध्याकाळी मालकांकडून अर्धा तास मागून घेतला आणि घरी जाऊन कंदील लावले. आई घरीच होती म्हणून तिचा उंबऱ्याच्या आत, माझा वाटेत, दादाचे दोन फाटकाशी जोडीने. आई मागच्या खोलीत इस्त्री करत होती. तिला हाक न मारताच मी दुकानात परतलो.

साडेसहाला मालक स्वेटर चढवत म्हणाले, "चल, उद्या सण आहे. लवकर दुकान वाढव."

शटर अर्ध्यावर आलं आणि माझा हात तिथेच थांबला. हे तर मी रोज ऐकतो. दुकान वाढवायचं म्हणजे बंद करायचं.

"मालक... दिवा वाढव म्हणजे काय हो?"

"म्हणजे मालव. विझव म्हणायला जीभ धजत नाही, म्हणून जुनी माणसं वाढव म्हणतात. का रे? आज शटर एकदम उघडलं?"

मी पळत सुटलो. आईने दोन वर्षांनी मन घट्ट केलं होतं. स्वतःच्या पोराचा दिवा मालवायला सांगितला होता. आणि मी एकाचे दोन केले होते.

गल्लीत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. वितळलेल्या मेणाचा वास येत होता, आणि त्यात दुसराही एक, शेवाळाचा. वाटेत माझी चांदणी जळत होती. फाटकाशी एकच कंदील होता. नवा. दादाच्या जुन्या कंदिलाच्या जागी फरशीवर पाण्याचं गोल ओलं कडं होतं.

आई खिडकीत नव्हती. ती खाटेवर आडवी होती, पाठ टेकून. उशाशी दादाचा कंदील तेवत होता. माशाचा उजेड भिंतीवर हलत होता.

"आई... हा आत कुणी आणला?"

"ज्याचा त्याने." तिने डोळे उघडले नाहीत. "मी मालवायलाच निघाले होते. दार उघडते तर हा उचलून घेऊन उभा."

"कोण, आई?"

"बावळटासारखं काय विचारतोस?"

मी खाटेच्या कडेला टेकलो. विचारलं, "काही... बोलला?"

"गारठला होता रे. दुसरा कंदील कुणाचा, एवढंच विचारलं त्याने. मी म्हटलं, धाकट्याने लावला असेल, मला काय ठाऊक." ती झोपेतच हसली. "मग म्हणाला, लावलाच आहे तर त्यालाही घेऊन येतो... तिथे मी एकटा नाहीये, म्हणाला..."

एवढं बोलून ती झोपी गेली.

दारापासून खाटेपर्यंत अनवाणी ओली पावलं होती. आत आलेली आणि बाहेर गेलेली. मी त्यांना चुकवत फाटकाशी गेलो. वारा होता, तरी नव्या कंदिलाची ज्योत हलत नव्हती. भोकांतून पडलेला उजेडाचा मोठा मासा रस्त्यावर स्थिर होता. त्याच्या पलीकडून, धरणाच्या बाजूने, आवाज येत होता. ओल्या तळव्यांचा, सावकाश. एकाची पावलं मला ओळखीची वाटली. दुसरी जड होती, आणि दोन पावलांमध्ये फार वेळ जात होता.

मी वात चिमटीत धरली. बोटं भाजली नाहीत. गारठली.

आवाज थांबला. परत फिरल्याचा मात्र ऐकू आला नाही.

तो नवा डबा आणि माझी चांदणी आत घेऊन मी कडी लावली आणि रात्रभर आईच्या खुर्चीत बसून राहिलो.

सकाळी ऊन आलं तरी आई झोपलेलीच होती. श्वास संथ होता. तिच्या उशाशी दादाची मेणबत्ती पार जळून संपली होती. दादा आपला कंदील घेऊन घरात आला होता, आता तो तिला बाहेर लावायला नको होता. उरला होता तो माझ्या चुकीचा. आई उठायच्या आत त्याचा निकाल लावायचा, असं मी ठरवलं.

पायरीवर बसून मी त्यातली मेणबत्ती उपटली, वाळू ओतून टाकली. आत हात घालून चाचपलं. काही नव्हतं. माशाच्या भोकांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. मग डबा आडवा ठेवला, हातोडी घेतली आणि सगळी ताकद लावून घाव घातला.

हातोडी उसळून मागे आली. मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

डबा चेपला नाही.