एकशे अठ्ठावीस पुरेल ना?

“एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन की पाचशे बारा?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

प्रश्न साधा होता, तरी मी अडले. फोनचा रंग घरून ठरवून आले होते, पडद्याचा आकारही ठरला होता. आत जागा किती हवी, एवढंच ठरलं नव्हतं.

“जरा विचार करते,” मी म्हटलं.

“मघापासून करताय,” ती हसून म्हणाली. खरंच होतं ते.

“पाचशे बारा घ्या,” शेजारून आवाज आला. “मी तोच घेतोय. आयुष्यात कधी काही डिलीट करायची वेळ येऊ नये, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.”

मी वळून पाहिलं. उंच माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातावर ताजा ओरखडा, आणि शर्टभर पांढरे केस... एखाद्या मोठ्या कुत्र्याला मिठी मारून आल्यासारखे.

“महिन्याला किती व्हिडिओ साठतात तुमचे?” मी विचारलं.

“कुणी मोजलेत?”

“फोननं मोजलेत. सेटिंगमध्ये दिसतं.”

त्यानं आपला जुना फोन सरळ माझ्यापुढे सरकवला. अनोळखी बाईच्या हातात आपला फोन इतक्या बिनघोर देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. उघडला, तर आत गाईंचे पाय. लंगडणाऱ्या बकऱ्या. घोड्याचा एक डोळा, अगदी जवळून.

“जनावरांचा डॉक्टर आहे मी,” तो ओशाळून म्हणाला. “लोक पाठवत राहतात.”

“बरी झालेली जनावरं तरी काढून टाका.”

“तीच तर ठेवायची असतात!”

मी त्याला समजावलं. डब्यावर लिहिलेली जागा सगळी आपली नसते. घर घेतल्यावर भिंतीही आपल्याच जागेत येतात, तसं फोन स्वतःचं सामान आधी मांडून ठेवतो. मग राहिलेल्यात आपला संसार. एकसारखे दिसणारे पाय काढून टाकले तर त्याला दोनशे छप्पन पुरला असता. तो इतकं मन लावून ऐकत होता की मलाच बोलताना अडखळायला झालं.

“आणि तुमचं काय?” त्यानं विचारलं.

मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या टिपकागदावर बिया ठेवायच्या, किती उगवल्या ते पाहायचं, फोटो काढून ठेवायचे. प्रयोगशाळा तळघरात, तिथे नेटवर्क नाही. म्हणून जे काही असतं ते फोनमध्येच. मी तिथल्या तिथे मागच्या तीन वर्षांची सरासरी काढली, वर थोडी जास्तीची जागा धरली.

“एकशे अठ्ठावीस. पुढची तीन वर्षं सहज.”

“तीन वर्षांत तुमच्या आयुष्यात काहीच बदलणार नाही?”

“काय बदलायचंय?”

तो नुसता पाहत राहिला... आणि मी उगीचच फोनच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले.

निघताना म्हणाला, “तुमचा नंबर लागेल.”

“कशाला?”

“गणित चुकलं तर तक्रार कुठे करायची?”

हे विनोदानं होतं की खरंच, ते मला कळलं नाही. नंबर मात्र दिला.

तक्रार त्याच संध्याकाळी आली. एक बोकड, तराजूवर चढायला साफ नकार देणारा. खाली लिहिलं होतं: ‘हा ठेवू की काढू?’

‘ठेवा,’ मी लिहिलं.

मग येतच राहिलं. कासवाला औषध पाजण्याचे सहा प्रयत्न. गळ्यात पट्टी बांधलेला, अपमानित चेहऱ्याचा बोका. कधी नुसतं दवाखान्याचं अंगण, आणि मागून त्याचा आवाज, “आज एकही पेशंट नाही. काय करताय तुम्ही?” मी उत्तर द्यायचे. ‘पाहिलं.’ ‘छान.’ ‘बरं.’ त्याहून जास्त काय लिहितात, मला समजायचं नाही. लिहायचे, खोडायचे, पुन्हा ‘बरं’वर यायचे.

एकदा तो थेट प्रयोगशाळेच्या दारात उभा. हातात छोटी बाटली.

“कुत्र्याच्या कानातून काढलं. गवताचं बी आहे एवढं कळतं. पण कुठल्या गवताचं?”

मी भिंगाखाली धरलं. टोकदार, मागे ताठ केस. कानात शिरलं की पुढेच सरकणारं, मागे न येणारं.

“असं नुसतं बघून सांगता येणार नाही.”

“मग कसं?”

“उगवलं तर.”

“उगवेल?”

“सांगता येत नाही.”

“तुम्हाला सांगता येत नाही अशा गोष्टी वाढायला लागल्या,” तो म्हणाला आणि जिन्यावरून शीळ घालत गेला. मी बी टिपकागदावर ठेवलं. त्याचा फोटो काढला. आता एका बीचे फोटो असे कितीसे काढणार? रोज एक पुरे. मी सकाळी काढायचे, जेवणाआधी, आणि निघताना पुन्हा. नोंद म्हणून. त्याला मात्र काही सांगितलं नाही. उगवलं नाही तर उगीच, असं वाटायचं.

आणि एके दिवशी फोन म्हणाला, जागा संपत आली.

माझा विश्वास बसला नाही. तीन वर्षांची जागा तीन महिनेसुद्धा टिकू नये? मी गणित पुन्हा मांडलं. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. प्रयोगशाळेतले सगळे फोटो तिथल्या संगणकावर टाकून फोनमधून काढले. चार दिवसांत पुन्हा तेच.

“वहिनी, हा फोन बिघडलाय,” घरी मी म्हटलं.

वहिनी मला मोजपट्टी म्हणते. तिनं फोन हातात घेतला, वर-खाली सरकवला आणि भाजी चिरणं सोडून खुर्चीवरच बसली.

“अगं मोजपट्टी, हे काय? बोकड, कासव, बोका... आणि हा मध्येमध्ये कुणाचा हात दिसतो?”

“डॉक्टरांचा.”

“कुठले डॉक्टर?”

“जनावरांचे.”

“मग बिघडलंय खरं,” वहिनी म्हणाली, “पण फोन नाही.”

“काहीतरीच काय, वहिनी!”

मी फोन ओढून घेतला. पण रात्रभर तेच डोक्यात. चूक कुठे होती?

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. शीळ नव्हती. दूर डोंगरातल्या, घोड्यांवर उपचार करणाऱ्या एका मोठ्या पशु-रुग्णालयानं त्याला वर्षभरासाठी बोलावलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत होय-नाही कळवायचं होतं.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यानं विचारलं.

मला खूप काही वाटत होतं, आणि त्यातलं एकही धड वाक्य होत नव्हतं.

“चांगली संधी आहे.”

“एवढंच?”

“...थंडी असेल तिकडे. स्वेटर घ्या.”

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “बरं,” म्हणाला. माझाच शब्द. ऐकायला इतका रिकामा वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला वर आले आणि फोन वाजला. त्याचा व्हिडिओ. मी बोट लावलं. एक चक्र फिरलं, थांबलं, आणि खाली अक्षरं आली: ‘पुरेशी जागा नाही. काहीतरी काढून टाका.’

काहीतरी! मी यादी उघडली. बोकड काढू? तो तर पहिला. कासवाचा पाचवा प्रयत्न? पण पाचव्या प्रयत्नातच तर तो वैतागून “अहो कासवराव!” म्हणतो. रिकामं अंगण? छे... बीच्या फोटोंपाशी आले. एकसारखे दिसणारे काढून टाका, असं दुकानात मीच ऐटीत सांगितलं होतं. पण इथे प्रत्येक फोटो वेगळा होता. मला तरी दिसत होता.

डबा तसाच ठेवून मी निघाले. फोन करून विचारता आलं असतं, हे मला त्याच्या दवाखान्याचं दार ढकलल्यावर सुचलं.

तो गुडघ्यांवर बसला होता. समोर बुटक्या टेबलावर भला मोठा पांढरा कुत्रा, अर्धवट पट्टी बांधलेला.

“बरं झालं आलात. हा पाय धरा जरा. घट्ट नको... हां, असा.”

मी पाय धरला. कुत्र्यानं मला हुंगून पाहिलं आणि काही हरकत घेतली नाही.

“पाहिलात व्हिडिओ?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“नाही. उघडतच नाही. जागा नाही.”

पट्टी गुंडाळणारा हात थांबला. “तुमच्या हिशेबानं तर तीन वर्षं—”

“हिशेब चुकला.”

“तुमचा? कुठे?”

आणि ते मला तिथे, कुत्र्याचा पाय हातात धरून कळलं.

“सरासरी मागच्या वर्षांवरून काढली होती,” मी म्हटलं. “त्या वर्षांत तुम्ही नव्हतात.”

कुत्र्यानं जांभई दिली. डॉक्टरांच्या हातातली पट्टी मात्र सुटून घरंगळत गेली.

“पुन्हा सांगा.”

“नाही. एकदाच जमलं.”

“अहो, मग ते ‘बरं’ काय? ते ‘पाहिलं’ काय?” तो एकदम उठून उभा राहिला. “तुम्ही आजवर मला जेवढं लिहिलंत ना, ते सगळं मिळून बकरीच्या एका फोटोएवढंही भरत नाही. मी तपासलंय. सेटिंगमध्ये दिसतं, तुम्हीच शिकवलंत! मी समजलो, मनात काही असतं तर थोडी तरी जागा लागली असती.”

मी एका हातानं फोन काढला, बीचे फोटो उघडले आणि त्याच्यासमोर धरून भराभर सरकवत गेले. कोरं बी. फुगलेलं बी. टोकाशी पांढरा ठिपका. मुळाचा केस. मग हिरवं, नखाएवढं, वाकलेलं, मग ताठ. पडद्यावर ते आत्ता, या क्षणी उगवत असल्यासारखं दिसत होतं.

“हे ते कानातलं?”

“हो.”

“एवढे फोटो?”

“नोंद म्हणून,” मी म्हटलं, आणि मलाच हसू फुटलं.

त्याच्या बोटांना औषधाचा वास होता. माझ्या गालावर चिकटलेला एक पांढरा केस त्यानं हलकेच काढला... आणि काढून झाल्यावरही हात तिथेच राहिला.

“व्हिडिओत काय होतं?” मी विचारलं.

“हेच, की जाऊ का? नको म्हणालात तर नाही जाणार. आत्ताच सांगा.”

‘नको’ अगदी ओठांवर होतं. पण लंगड्या घोड्यांबद्दल बोलताना त्याचा चेहरा कसा उजळतो, तेही मी पाहत आले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्यांची वजाबाकी कशी करायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

“जा,” मी म्हटलं. “वर्षानं परत ये. आणि रोज पाठव.”

“किती?”

“मोजू नकोस.”

संध्याकाळी त्यानं होकार कळवला तो फोनच्या दुकानातूनच. काउंटरवरच्या मुलीनं मला ओळखलं.

“मॅडम, परत? आता किती जीबी?”

“माहीत नाही.”

“जरा विचार करताय का?”

“नाही. सगळ्यात मोठा दे.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि काही न विचारता डबा काढला. जुन्यातलं सगळं नव्यात जाईपर्यंत आम्ही बाकावर शेजारी बसलो. मग सगळ्यात आधी मी तो अडकलेला व्हिडिओ उघडला. कॅमेरा वाकडा, अर्ध्या पडद्यावर कुत्र्याचा कान, आणि मागून त्याचा घाबरलेला आवाज: “...नाही म्हणायचं असलं तरी चालेल. फक्त या वेळी नुसतं ‘बरं’ लिहू नका.”

“बंद कर ना ते,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी उत्तर लिहायला घेतलं. सवयीनं ‘बरं’ लिहिलं, खोडलं. मग लिहीत गेले... बोकडापासून सुरुवात करून, अंगणापाशी थांबून, पायऱ्यांवर बोलायचं राहून गेलेलं सगळं. मुलीनं दुकानातला एकेक दिवा मालवायला घेतला. शेजारी त्याचा फोन वाजला. तो वाचायला लागला, ओठ हलवत, हळूहळू. संपतच नव्हतं त्याचं.