बारावं पार्सल

लष्करात पंधरा वर्षं मी स्टोअर सांभाळलं. एक सुई कमी भरली तरी समोरच्याला उभं करून जबाब घेणारा मी. त्यामुळं पार्सल ‘गहाळ’ झालं असं कुणी म्हणालं, की माझं टाळकंच फिरतं. वस्तू गहाळ होत नाही. ती कुणाच्या तरी हातून जाते, आणि त्या हाताला नाव असतं, अशी माझी पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीपर्यंत पक्की समजूत होती.

निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा यल्लाप्पामामांचा माग बंद पडायच्या बेतात होता. आमचं गाव जतच्या पूर्वेला, पार कर्नाटकाच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मामा घोंगडी विणायचे, पण बाजारात गिरणीचं ब्लँकेट आलं आणि घोंगड्याकडं कुणी बघेना. मी पुण्याच्या एका साप्ताहिकात चार ओळींची जाहिरात दिली : अस्सल हातमागाचं घोंगडं, टपालाने घरपोच. लोक मनीऑर्डरी पाठवू लागले. सत्तरीचे मामा पुन्हा पहाटे उठून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसू लागले. त्यांचा चेहरा बघून आईसुद्धा म्हणाली, भाऊ दहा वर्षांनी लहान झालाय.

पार्सल बांधायची आमची रीत ठरलेली. घोंगड्याची घडी मांजरपाटात गुंडाळायची, आईनं लोकरीच्या धाग्यानं शिवायची, जोडावर लाख ओतायची आणि त्यावर माझ्या जुन्या लष्करी कोटाचं बटण दाबायचं. कापल्याशिवाय उघडणं शक्य नाही. अशी चाळीस पार्सलं बिनबोभाट गेली. दिवाळीनंतर मात्र एकामागून एक अकरा पार्सलं पोचलीच नाहीत.

टपालखात्याकडून छापील कार्डं आली, तपास चालू आहे म्हणून. तपास! गिऱ्हाइकांची पत्रं आली ती मात्र हातानं लिहिलेली होती. नगरच्या एका वकिलानं मला भामटा म्हटलं. पाचगणीच्या नाईकनवरेबाई, तिथल्या शाळेत जन्म घालवलेल्या शिक्षिका, त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं, की थंडीत माझे गुडघे धरतात म्हणून मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. ते पत्र मला शिवीपेक्षा झोंबलं.

आमचं पोस्ट म्हणजे नाथाजीच्या घराची पुढची खोली. मी तिथं जाऊन टेबलावर मूठ आपटली.

“हवालदार, माझ्याकडनं थैली सील हून जाती,” नाथाजी वही पुढं सरकवत म्हणाला. “वरच्या हापिसात थैली फोडत्यात तवा सील शाबूत असतंय. यादीत पार्सल असतंय. थैलीत नसतंय. आता ह्याला मी काय करू?”

“मग काय हवेत विरतंय?”

नाथाजीनं वही मिटून ठेवली. मला त्या वही मिटण्याचाही राग आला.

त्या संध्याकाळी मामांनी बारावं घोंगडं मागावरून काढलं. बार्शीच्या एका नव्या गिऱ्हाइकासाठी. ते माझ्या हातात देताना म्हणाले, “धनाजी, लोक आपल्याला चोर म्हणाय लागलं. ह्ये एक पोचलं न्हाई, तर मी माग उतरवतो. चोर म्हनून मला मागावर बसायचं न्हाई.”

माग उतरवला की मामा महिनाभरही काढणार नाहीत, हे आईला ठाऊक होतं, मलाही. माझं डोकं सणकलं. मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी उचलली. आमच्यात बिरोबाचा भंडारा टाकून आण घालतात, मेंढरू चोरीला गेलं किंवा बांधावरून भांडण लागलं की. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण समोर गचांडी धरायला माणूस नसेल, तर रागानं करायचं तरी काय?

“कुनावर घालतुयास?” मामांनी विचारलं.

“जो नेतोय त्याच्यावर.”

“त्यो कोन?”

“कोण का असंना!” मी हातातल्या घोंगड्यावर भंडारा उधळला आणि ओरडलोच, “हे बारावं आणि आधीची अकरा, ज्याची त्याच्या हातात दे. दिल्याबिगर तुला सुटका न्हाई. त्यांच्या दारातनं हलायचं न्हाई!”

मामा काही सांगू बघत होते, पण मी घोंगडं शिवायला द्यायला तरातरा आईकडं गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजीनं माझ्यासमोर थैलीत पार्सल टाकलं, तोंड बांधलं, सील केलं. ही थैली एसटीनं वरच्या ऑफिसला जायची. मी कंडक्टरला सांगितलं, थैली माझ्या मांडीवर राहील. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसलो. गाडी निम्मी रिकामी होती. शेजारी कुणी नव्हतं.

अकराचा सुमार. बाहेर कुसळं वाळलेला माळ, मधूनच बाभूळ, उन्हात पांढरा पडलेला रस्ता. थैलीच्या कापडातून घोंगड्याच्या खळीची कडक घडी माझ्या बोटांना लागत होती. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्याचा आंबूस वास येत होता. मी डोळे मिटले नाहीत. पहाऱ्यावर पंधरा वर्षांत कधी मिटले नाहीत.

कवठ्याच्या अलीकडं, जिथं ना वस्ती ना थांबा, तिथं घंटी वाजली आणि गाडी थांबली. दार उघडलं. कुणी चढलं नाही. कुणी उतरताना दिसलं नाही. वाऱ्यानं थोडी धूळ आत आली. दार लागलं, दोनदा घंटी वाजली, गाडी निघाली.

मी खाली बघितलं. मांडीवरची थैली सपाट झाली होती.

दोरी होती तशीच. सीलही तसंच.

“गाडी का थांबवली?” मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या बाईचं पोर रडायला लागलं.

कंडक्टर माझ्याकडं चमकून बघत राहिला. “तुमच्याच मानसानं सांगितलं की. उतरला न्हवं का.”

“माझा कोण माणूस? मी एकटा आहे!”

“आवं, तुमच्या शेजारी बसलेला. त्याचं तिकीट बी तुमीच काढलंसा.”

मी खिशात हात घातला. दोन तिकिटं होती. लागोपाठच्या नंबरांची.

वरच्या ऑफिसात थैली फोडली. यादी निघाली, दोन पत्रं निघाली. क्लार्क काही बोलायच्या आत मी बाहेर पडलो. बोलला असता तर मी त्याला मारलं असतं, आणि त्याचा काही दोष नव्हता.

घरी आल्यावर मामांना खोटं सांगितलं, की पार्सल पुढं गेलंय. आयुष्यातला हा माझा पहिला खोटा जबाब. मामा मागावर बसले खरे, पण हात चालत नव्हता. रोज टपालाच्या वेळेला ते दाराकडं बघायचे.

नवव्या दिवशी नाथाजी स्वतः घरी आला. हातात कार्डांचा गठ्ठा. बारा कार्डं, बारा गावांहून.

‘घोंगडे मिळाले.’

प्रत्येकावर तेच. वकिलानं तर माफी मागितली होती. मी मोठ्यानं वाचत गेलो आणि मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग मी तारखांकडं बघितलं. सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं होतं, गुरुवारी, अकराच्या सुमाराला. ज्या गुरुवारी मी एसटीत बसलो होतो.

नाईकनवरेबाईंच्या कार्डावर कडेला बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या, त्या मघाशी वाचायच्या राहिल्या होत्या. ‘आणून देणारे गृहस्थ अद्याप दारात उभे आहेत. पाणी विचारले, घेत नाहीत. रात्रीही तेथेच होते.’

मी बाकीची कार्डं पुन्हा उलटसुलट केली. तीच गोष्ट प्रत्येकानं कुठंतरी कडेला आपापल्या परीनं लिहिली होती. उंच माणूस, अनवाणी, कपाळाला भंडारा. दारात उभा.

“कवापतूर ते तू बोलला न्हाईस,” मामा हळू म्हणाले. “आण घालताना शेवट सांगायचा असतोय, धनाजी. पोच झाली की तू मोकळा, असं म्हनायचं असतंय.”

“मग तेव्हा का नाही सांगितलं?” मी त्यांच्यावर खेकसलो. जन्मात पहिल्यांदा.

“तू आयकत हुतास व्हय?”

मी कागद घेऊन बसलो. राग लेखणीत उतरला होता. बारा जणांना सारखंच लिहिलं : ‘आमच्या माणसाचे काम झाले. त्याला कृपया परत पाठवून द्यावे.’ टपालात टाकूनच जेवलो. मामांनी विचारलं, काय लिहिलंस. मी सांगितलं.

मामांच्या हातातला विणायचा धोटा खाली पडला.

“कुनाचा मानूस लिवलंस?”

तेव्हा कुठं मला माझाच ‘आमच्या’ हा शब्द खटकला.

उत्तरं आली, या वेळी एकही गहाळ न होता. नगरचं, बार्शीचं, कोरेगावचं. ‘गेले.’ सगळ्यात शेवटी पाचगणीचं. बाईंचं वळणदार अक्षर.

‘आपला निरोप सांगितला. ते लगेच निघाले. जाताना आपल्या गावाची वाट विचारली. मी एसटीचे पैसे देऊ केले, पण चालतच गेले.’

कार्डावरचा शिक्का बघितला. पाच दिवसांपूर्वीचा.

“पाचगणीवरनं चालत किती दिस?” मी मामांना विचारलं.

ते उठले आणि मागाच्या दोऱ्या सोडू लागले. अर्धं विणलेलं घोंगडं कापून बाजूला ठेवलं. दांड्या उपसल्या, फणी भिंतीला टेकवली. सगळी पोचली होती, आता चोर म्हणायला कुणी नव्हतं, आणि माग उतरत होता.

“मामा, काय करताय? बसा मागावर. तुमाला माझी शपथ!”

“तुझी आण पुरं आता,” ते म्हणाले. पुढच्या खोलीत मागाची जागा रिकामी झाली होती. तिथं त्यांनी ते अर्धं घोंगडं अंथरलं आणि हातानं सारखं केलं.

“बारा जण येत्यात का एकच, ठावं न्हाई. बसाय जागा तर नको व्हय?”

आतून आईनं विचारलं, दारात कोण आलंय म्हणून.