तीन थंड सिलिंडर

"कॉन्टॅक्ट!" कोंडिबाआजोबा ओरडले.

"कॉन्टॅक्ट!" जाळीमागून अपेक्षाने उत्तर दिलं आणि स्विच वर केला.

आजोबांनी लाकडी पंख्याला जोरदार हिसका दिला आणि झटकन बाजूला झाले. फट्! फट् फट् फर्रर्र! पंखा फिरू लागला आणि त्याच्याबरोबर अख्खं इंजिनही गरगरू लागलं! शेडमधला पेंढा उडाला. वंगण म्हणून घातलेल्या एरंडेलाचा जळका वास घशात शिरला.

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस..." किमया मोठ्याने सेकंद मोजत होती.

फट्... फुस्स! इंजिन अडखळलं, थरथरलं आणि थांबलं.

"श्या! आजही चाळीसच!" किमयाचा भाऊ निषाद वैतागला.

तसं इंजिन भुकूमला राहणाऱ्या निषाद-किमयाने दुसरीकडे कुठेच पाहिलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या विमानांना असली इंजिनं असत. पाकळ्यांसारखे गोलाकार नऊ सिलिंडर, मधला दांडा जागच्या जागी, आणि बाकी सगळं इंजिन पंख्यासकट गरागरा फिरणारं! कोंडिबा ढमाले वायुदलात चोवीस वर्षं इंजिन फिटर होते. निवृत्त होऊन ते कोळवणला आपल्या गावी आले आणि जुने आराखडे मिळवून, अकरा वर्षं खपून त्यांनी हे इंजिन घडवलं. शेजारची अपेक्षा चौथीपासून त्यांच्या हाताखाली शिकत होती. आता ती आठवीत होती. दिवाळीच्या सुट्टीत निषाद आणि किमया आपल्या कोळवणच्या फार्महाऊसवर आले, की तिघांचा मुक्काम या शेडमध्येच.

एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या क्षितिजा मॅडम हे इंजिन मुलांना शिकवायला नेणार होत्या. आजोबांनी तसा शब्द दिला होता. मॅडमची अट एकच, इंजिन दहा मिनिटं न थांबता चाललं पाहिजे. दसऱ्यापर्यंत ते झकास चालत होतं. मग काय बिघडलं कुणास ठाऊक!

"पाणी आण, किमया!" अपेक्षा म्हणाली.

इंजिन पूर्ण थांबल्यावर तिने एकेका सिलिंडरवर पाण्याचा थेंब टाकला. चर्र! चर्र! पण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यावरचे थेंब तसेच ओघळून खाली आले.

"हे तीन थंड आहेत. म्हणजे यांच्यात पेट्रोल पेटतच नाही!" अपेक्षा म्हणाली.

"प्लग खराब असतील," निषाद म्हणाला. "एरंडेलाने बरबटले असतील."

"मग चौथ्याचा प्लग आठव्याला लावू आणि आठव्याचा चौथ्याला. प्लग खराब असेल तर आता आठवा थंड पडेल!"

"शाब्बास पोरी, बदल!" आजोबा म्हणाले. प्लग बदलले. पुन्हा इंजिन फिरवलं. पुन्हा थेंब टाकले. आठवा चर्र, चौथा थंडगार!

"प्लग निर्दोष!" किमयाने निकाल दिला.

मग वायरींची अदलाबदल झाली. तरी तेच तीन थंड.

"आजोबा, आता मागची चकती राहिली," अपेक्षा म्हणाली. "तिच्यावरनंच ठिणगी वाटली जाते ना?"

"तिला हात लावायचा न्हाई," आजोबा तुटकपणे म्हणाले. "ते मी बगतो."

गुरुवारी क्षितिजा मॅडम आल्या. मुलांचे आईबाबा आले, गावातले चारपाच जण जमले. आजोबांनी पंखा फिरवला आणि पुन्हा चाळीस सेकंदांत... फुस्स!

"काय झालं हो?" मॅडमनी विचारलं.

आजोबांनी हात पुसले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. "पोरांनी प्लग काढलं, वायरी वढल्या. लई नाजूक काम हाय हे. बिगाडलं आसंल काईतरी."

अपेक्षाला वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं.

"आजोबा! तुमीच तर सांगितलं व्हतं..."

"अपे, गप ऱ्हा!" तिची आई सगुणाबाई कडाडली. "म्हाताऱ्या माणसाची अकरा वर्साची मेहनत, आन् तुमी खेळणं केलं तिचं?"

निषादच्या बाबांनी भर गर्दीत त्याला झापलं. किमया तर रडायलाच लागली. तिघांनाही शेडमध्ये पाऊल ठेवायची बंदी झाली. मॅडम म्हणाल्या, "मी शनिवारी एकदा येते. तेव्हाही नाही चाललं, तर राहू द्या."

आजोबा यावर काहीच बोलले नाहीत. त्याचंच अपेक्षाला सगळ्यात जास्त लागलं. एका शब्दाने त्यांनी आपली बाजू घेतली असती तर!

शुक्रवारी सकाळी ती तळ्याकाठी निषाद-किमयाला भेटली.

"मला ती चकती बघायची आहे," ती म्हणाली. "आपण बिघाड केला नाही हे आपल्याला माहीत आहे. मग केला कुणी?"

"आपल्याला बंदी आहे!" किमया म्हणाली.

"बंदी आहे म्हणूनच! नाहीतर जन्मभर आपणच बिघडवलं असं ऐकत बसू."

घरची माणसं भातकापणीला गेली होती. आजोबा पौडला गेले होते. तिघं शेडमध्ये घुसली. अपेक्षाने स्विच बंद असल्याची खात्री केली, इंजिनामागचं झाकण धरून ठेवणाऱ्या दोन बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्यात ओवून पीळ घातलेली तार कापली आणि झाकण काढलं.

आत तपकिरी चकती होती. तिच्यावर नऊ पितळी पट्ट्या, एकेका सिलिंडरची एकेक. चकती फिरताना कार्बनचा ब्रश या पट्ट्यांवरून घासत जातो आणि ठिणगी पोचवतो.

"काजळी साचलीय नुसती," निषाद म्हणाला.

"थांब, टॉर्च तिरका धर!"

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पट्टीपासून बाहेरच्या लोखंडी कडेपर्यंत तीन बारीक रेघा चमकल्या.

"ही ब्रशची काजळी नाही," अपेक्षा हळूच म्हणाली. "ब्रशखालून चकती गोल फिरते, मग काजळीही गोलच पडणार. या रेघा आडव्या आहेत. पेन्सिलीच्या आहेत!"

"पेन्सिलीने काय होतं?" किमयाने विचारलं.

"पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते. ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही, या रेघेवरून लोखंडात उतरते. कुणीतरी मुद्दाम काढल्यात!"

"पण कुणी? शेडमध्ये कुणीही येतं..."

अपेक्षा हातातल्या कापलेल्या तारेकडे बघत होती. तार नवी कोरी होती आणि तिचा पीळ इतका सारखा, इतका घट्ट, की जणू मशीनने घातला असावा. वायुदलात शिकलेला पीळ. चार वर्षं घोकूनही तिला तो जमला नव्हता. अख्ख्या कोळवणात तो एकाच माणसाला येत होता.

"आजोबांनी," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!" निषाद ओरडला. "स्वतःचं इंजिन कोण बिघडवेल?"

"पीळ बघ ना!"

निषादने पीळ पाहिला आणि टॉर्च खाली ठेवला.

"म्हणजे आपण आठ दिवस प्लग घासत होतो," किमया म्हणाली, "आणि त्यांना सगळं माहीत होतं?"

अपेक्षाला ते सगळे दिवस आठवले. आपण थेंब टाकत होतो, तेव्हा ते शेजारी उभे होते. 'शाब्बास पोरी' म्हणत होते! आणि गुरुवारी सगळ्यांसमोर... तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते बाहीने पुसलं.

"चल, सगळ्यांना सांगू!" निषाद तावातावाने म्हणाला.

"आपलं कोण ऐकेल? आधी फोटो काढ. मग इंजिनालाच बोलू दे."

निषादने फोटो काढले. अपेक्षाने पेट्रोलच्या फडक्याने रेघा पुसल्या, झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि नवी तार ओवली. तिचा पीळ वेडावाकडाच आला, पण पक्का आला.

शनिवारी पुन्हा सगळे जमले. मुलं दूर, बांधावर उभी होती. आजोबांनी मागे वाकून पाहिलंसुद्धा नाही. रेघा आहेतच, अशी त्यांची खात्री असणार! स्विचवर मॅडम होत्या.

"कॉन्टॅक्ट!"

फट् फट् फर्रर्र! चाळीस सेकंद झाले. एक मिनिट झालं. आवाज एकसुरी, भरदार! आजोबांचा चेहरा उतरत गेला. पाच मिनिटं. नऊ. दहा!

टाळ्यांचा कडकडाट झाला. इंजिन थांबवून मॅडम हसत म्हणाल्या, "कमाल केलीत! बिघाड काय होता शेवटी?"

आजोबा इंजिनामागे गेले. वाकडा पीळ त्यांनी बोटाने चाचपला आणि बांधाकडे पाहिलं. अपेक्षाही त्यांच्याकडेच पाहत होती. निषादने खिशातून मोबाइल काढला, पण तिने त्याचा हात धरला. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आजोबा परत मॅडमसमोर आले.

"बिगाड म्या केलता," आजोबा अखेर म्हणाले. "पेन्सिलीनं रेगा वढल्या. शब्द तर दिलाता, माघारी घ्यायची लाज वाटली. हे गेल्यावर सकाळी उटून मी जाऊ कुटं, ह्योच इचार. आन् आळ घातला पोरांवर. ह्या पोरांनी बिगाड हुडकला, ह्यांनीच दुरुस्त केला."

सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. निषादच्या बाबांनी सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरले. "सॉरी, बेटा!" ते म्हणाले. मुलं बांधावरून खाली आली आणि निषादने मॅडमना फोटो दाखवून बिघाड कसा शोधला ते सगळं सांगितलं.

"प्लग बदलून पाहणं, मग वायर, मग चकती! माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही एवढी शिस्त नसते. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"त्यांनीच," अपेक्षा म्हणाली. "म्हणून तर जास्त लागलं."

आजोबा तिच्यासमोर आले. "पोरी, चुकलं माजं. राग ग्येला का?"

"न्हाई गेला."

"बराबर हाय," आजोबा म्हणाले.

इंजिन सोपवायचं म्हणून मॅडमनी त्याची नोंदवही मागितली. आजोबांनी ती उघडली आणि लिहिलं: 'बिघाड: चकतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा. बिघाड करणार: कोंडिबा ढमाले. दुरुस्ती करणार:' पुढची जागा कोरी सोडून त्यांनी पेन पुढे धरलं.

किमयाने आधी सही केली, मग निषादने. अपेक्षाने पेन घेतलं. आजोबांकडे न बघता तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि वही मॅडमच्या हातात दिली.