सगळ्यांना एकच नियम

आडबंदरच्या किनाऱ्यावर हल्ली सकाळी उठून कोणी आभाळाकडे बघत नसे. आधी चाखणीकडे बघत. खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या त्या पिवळ्या पिंपाला सरकारदरबारी ‘जनुकवेधी तरंगक’ असे भारदस्त नाव होते. पण ते पाणी चाखते म्हणून गावाने त्याचे बारसे आपल्या परीने उरकून टाकले. मासा जाईल तिथे पाण्यात काही ना काही सोडत जातो. अंगावरचा चिकटा, एखादे खवले, अंडी. त्यावरून मासा कोणता, किती आणि गाभोळीवर आला आहे का, हे चाखणी ओळखे. समुद्राच्या दर पट्ट्याला अशी एक चाखणी, आणि तिच्यावर एक दिवा. दिवा हिरवा असला की त्या पट्ट्यात जाळे टाकायचे. लाल झाला की अर्ध्या तासात पाण्यातले जाळे उचलायचे, नाहीतर मोकळे करायचे. सगळ्या बंदरांनी मिळून नेमलेल्या सागर मंडळाचा हा नियम. त्याने बांगडा परत आला होता, हे चाखणीचा वैरीसुद्धा नाकारणार नाही.

आज बऱ्याच दिवसांनी दिवा हिरवा झाला आणि रापण निघाली. होडीने समुद्रात अर्धगोल घेत जाळे सोडले, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून दिले, आणि सगळी वाडी दोन रांगांत दोराला लागली. रापण ओढून काठाला यायला अख्खी सकाळ जाते. पण दोराला हात लागला त्याला वाटा, आणि तो सगळ्यांना सारखा. सत्यभामाकाकीच्या मनगटात आता जोर नव्हता, ती नुसती दोराच्या शेपटाला धरून चाले. नवरा समुद्रात गेलेला, मूल नाही, होडी नाही. तिची चूल या वाट्यावर पेटे, आणि त्याबद्दल कधी कोणी हूं की चूं केले नव्हते.

विनया कुबल तिच्या पुढेच ओढत होती. ती मंडळावर गावाची सभासद. जाळे जड लागत होते, भरून आले होते. माणसे हसत होती, एकमेकांना डिवचत होती.

आणि दिवा लाल झाला.

दोर तसेच हातांत राहिले. रापणीचा म्होरक्या, तांडेल हरेश्वर, धावत आला.

“विनया, अर्ध्या तासात रापण काठाक येता काय गो? मंडळात ह्या कोणी सांगूक नाय?”

“सांगूक होया होता ता मियाच,” विनया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

ती बैठक तिला लख्ख आठवत होती. रापणीला वेगळी सवलत देऊ, असे एक अधिकारी स्वतःहून म्हणाले होते. विनया ताडकन उठली. सवलतींच्या नावाखाली मोठ्या बोटींनी आजवर समुद्र खरवडून नेला, आता कोणाला सवलत नको, सगळ्यांना एकच नियम! टाळ्या पडल्या. दोरावर वाढलेल्या बाईला सारखेपणा म्हणजेच न्याय वाटणार, दुसरे काय? मोठ्या बोटीचे यंत्र अर्ध्या तासात जाळे आवळून वर घेते, आणि इथे लाल दिवा लागला तर बोट हिरव्या पट्ट्यात निघून जाते. रापण मात्र आपला किनारा सोडून कुठे जाणार? हे सगळे तिला ठाऊक होते. त्या टाळ्यांत सुचले नाही, इतकेच.

“सोडूची काय?” तांडेलाने विचारले. नाही सोडली तर रापणीचा परवानाच जाणार होता.

“सोडा,” ती म्हणाली. बोलताना तिला रडू आले आणि तिने ते लपवलेही नाही.

जाळ्याचे तोंड उघडले. पाणी चकाकत बाहेरच्या बाजूला सरकत गेले. तिकडे पट्ट्याच्या हद्दीपलीकडे मोठ्या बोटी उभ्या होत्या. तिथल्या चाखणीचा दिवा अजून हिरवा होता.

दुपारी सुदेश गिरकर आला. याच वाडीत वाढलेला, आता दोन मोठ्या बोटींचा मालक. त्याची माणसे बांगड्याच्या टोपल्या वाळूवर ठेवू लागली.

“वयनी, रागावू नकात,” तो ओशाळून म्हणाला. “तुमी सोडलास ते आमच्या पट्ट्यात इले. माका एकट्याक खाववना नाय. वाडीक घ्या.”

तो मनापासून बोलत होता, हेच विनयाला जास्त लागले. त्याला चार शब्द सुनावता आले असते तर बरे वाटले असते. बायका टोपल्यांकडे बघत उभ्या राहिल्या. घरी पोरे उपाशी होती, तरी एकही हात पुढे झाला नाही.

शेवटी सत्यभामाकाकी पुढे आली. तिने खाली बसून एक बांगडा उचलला, बोटाने पोट दाबून पाहिले. गाभोळीने गच्च भरलेले होते. मासा हातात तसाच धरून तिने विनयाकडे पाहिले.

“बाय माझे, तू मंडळातली, तुका कळता. ह्यो आमचो वाटो, काय भीक? एकदा सांग, मगे मी चूल पेटयतंय.”