ऐकायला मनाई

कमलाकांत मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो भिजत होता आणि त्याचा कोट एका लाकडी पेटीच्या अंगावर होता.

एकोणीसशे अठ्ठावन्नचा माघ. अकोल्याच्या मोटारस्टँडवर अवकाळी, बारीक, चिकट पाऊस. आभाळ असं काळवंडलेलं की दुपार आहे की सांज, काही कळेना. मी वांग्यांची टोपली घेऊन आडोशाला उभी.

"माणसानं भिजावं अन् पेटीनं कोट घालावा?" मी म्हटलं. "काय हाये तिच्यात, नवरी?"

"पुस्तकं. अमरावतीच्या वाचनालयाची." तो हसला. ओठ थंडीनं निळे पडले होते... "आमच्या जठारपेठेच्या वाचनालयाशी त्यांचा करार आहे. महिन्याला एक पेटी येते, वाचून झाली की परत जाते. तुझं ते गोणपाट देतेस? नाव काय तुझं?"

"शालू. पंजाबराव माळ्याची."

गोणपाट दिलं. बोटांना बोटं लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

आत पाणी गेलं का, हे बघायला त्यानं झाकण उचललं आणि मी टोपली खाली ठेवून पुढं वाकले. सगळ्यात वर इतिहासाचं पुस्तक होतं. मॅट्रिकचं. मार्चात मी बाहेरून परीक्षेला बसणार होते. पास झाले तर मास्तरीण. नाही तर भातकुलीचा एक बिजवर बाबानं पाहूनच ठेवला होता.

"हे मले द्या वाचाले."

"सभासद आहेस?"

"त्याले काय लागते?"

"एका सभासदाची शिफारस. आणि... अध्यक्षांची मान्यता." त्यानं मान खाली घातली. "अध्यक्ष म्हणजे माझे वडील. बापूसाहेब वकील."

करार बापूसाहेबांनीच लिहिला होता. पुस्तकं फक्त सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचायची. दुसऱ्या कोणाच्या हाती दिसली की पेटी बंद. माळ्याच्या पोरीला मनाई आहे, असं त्यात कुठं लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आमची शिफारस करणारा सभासद जठारपेठेत अजून जन्मायचा होता.

कमलाकांत तिथं ग्रंथपाल होता, सभासदही होता. दोन दिवस विचार करून तो वाचनालयाच्या खिडकीत आला. खिडकीखालीच मी भाजी मांडायची.

"करारात वाचायचं लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "ऐकायचं काहीच नाही."

मग रोज दुपारी, सभासद जेवून घोरत पडले की, तो खिडकीत उभा राहून मोठ्यानं वाचायचा.

"प्लासीची लढाई—"

"थांबा. मेथी तोलून राहिली मी."

"लढाई थांबवू?"

"थांबवा. इंग्रज काही पळून नाही चालले."

"शालू, आज केसात अबोली आहे..."

"हे इतिहासात हाये काय?"

"नाही... हे माझ्या मनात आहे."

मी मेथीच्या जुड्यांत तोंड लपवलं. त्या मरगळलेल्या, ओल्या माघात तेवढीच काय ती ऊब होती.

मग कोणीतरी चहाडी केली. बापूसाहेबांनी करारात नवीन कलम घातलं: पेटीतलं पुस्तक मोठ्यानं वाचू नये. शिकलेली माणसं! एका पोरीच्या कानाला कुलूप घालायला त्यांनी कागद खर्च केला. अमरावतीवाल्यांनी सही केली, बापूसाहेबांनी केली. तिसरी सही ग्रंथपालाची लागत होती.

"तुमी केली?" मी विचारलं.

"केली. नाही तर पेटीच बंद झाली असती."

त्यानं खिडकीचे गज धरले. मग खाली वाकला.

"शालू... एक वाट आहे. घरच्यांना वाचायला चालतं ना? माझ्याशी लग्न कर. नागपूरला जाऊन करू. मग वाच हवं तेवढं."

हेच ऐकायला मी किती दुपारी कान लावून बसले होते. आणि आलं ते असं आलं.

"बापूसाहेबांले सांगसान?"

"सांगेन ना... नंतर. हळूहळू."

"मंग लग्न राहू द्या. माह्या अर्जावर शिफारसीची सही करा. आता, इथंच."

पेन त्याच्या खिशाला होतं. हात तिथवर गेला... आणि त्यानं कोटाचं बटण लावलं.

"तो अर्ज बाबांच्या टेबलावर जाईल, शालू."

"म्हंजे बायको चोरून करता येते. सभासद चोरून करता येत नाही."

त्याचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू?

"तुमी आवडता मले," मी म्हटलं. "लय आवडता. पण तुमच्या नावावर मी वाचणार नाही."

उरलेली मेथी मी टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली.

"कुठं निघालीस?"

"अमरावतीले. ज्यांचं पुस्तक हाये, त्यांनाच मांगते."

"तिथंही शिफारस लागेल. तिथंही तुला नाहीच म्हणतील, शालू!"

"म्हनू द्या," मी म्हटलं. "तिथं नाही म्हननारा मले आवडत तरी नसन."