पंचमीची ओहोटी

ज्या श्रावणात डॉक्टर कुमुद गुप्त्यांच्या वडिलांचं रोह्यात सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याच श्रावणातली ही गोष्ट. साल दोन हजार तीन, नागपंचमीचा शनिवार. म्हाताऱ्याला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं होतं. पंगत बसली होती आणि कुमुदबाई भातावर तूप वाढत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

फोन पेणजवळच्या जोह्याहून होता. बाईंच्या केंद्रात स्वयंपाक करणारी सगुणा बोलत होती.

"बाय, कान्हू दिसत नाय. जेवायला पन आला नाय."

बाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि जीप मागवली. वीस वर्षं दुसऱ्यांची दुःखं ऐकून त्यांचं मन हाताला घट्टा पडावा तसं झालं होतं. टोचलं तरी कळत नसे.

केंद्र जोह्याच्या कडेला होतं, खाडीच्या बांधापासून दोनशे पावलांवर. लढाईवरून आलेले आणि झोप गमावून बसलेले बारा माजी सैनिक तिथे राहून उपचार घेत. सकाळी औषध, दुपारी शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू मळायचं काम, आणि दर सोमवारी गोल बसून बोलायचं. ज्याला जेवढं जमेल तेवढं. मानसोपचाराचं मोठं शास्त्र बाईंनी एवढ्यात बसवलं होतं, आणि त्याने माणसं सुधारत होती.

कान्हू ठाकूर त्या बारांतला एक. इथल्याच मिठागरावर वाढलेला. नव्याण्णवच्या लढाईत बर्फातल्या एका चौकीवर त्याची वाचा गेली होती. केंद्रात येऊन आठ महिने तो एक शब्द बोलला नव्हता. मागच्या आठवड्यात शाडू मळता मळता तो एकाएकी म्हणाला होता, "काळू जिता होता." बाईंनी विचारलं, कोण काळू? त्याने मान हलवली. "सोमवारी सांगीन. सगल्यांच्या म्होरं."

बाई साडेतीनला पोचल्या. केंद्राचे व्यवस्थापक, निवृत्त सुभेदार हैबतराव, बांधाकडून येत होते. पायजमा पोटरीपर्यंत भिजलेला. शोधाला माणसं त्यांनीच वाटून दिली होती. कोणी रामवाडीच्या नाक्यावर, कोणी स्टेशनवर, कोणी हमरापूरच्या रस्त्याला. बांधाची बाजू त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

"पार टोकापर्यंत जाऊन आलो बाई. कुणी न्हाई."

पाच वाजता कान्हू सापडला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात लाकडी झडपेचं दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या खांबाला तो अडकून तरंगत होता. गावच्या पोरांनी ओढून वर घेतला.

बाईंनी गुडघे टेकून त्याला तपासलं. कपड्यांना खाडीचा काळा गाळ. पण कानाच्या पाळीमागे आणि नखांत पांढरी माती होती, घट्ट बसलेली.

हवालदार पुंडलिक म्हात्रे पंचनामा करायला आले होते. ते जोह्याचेच जावई. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सरळ गोष्ट आवडायची.

"शाडूत काम करणाऱ्याच्या नखात शाडू नाय तर काय केशर असनार, मॅडम? डोक्यावर परिणाम झालेला. मारली उडी. खाडी काय कोनाला इचारते?"

रात्री मुंबईहून विश्वस्तांचा फोन आला. आवाज मऊ होता. केंद्रात आत्महत्या झाली असेल तर सोमवारी कुलूप लावू, माणसं घरोघर पाठवू, असं त्यांनी सांगितलं. उरलेल्या अकरांपैकी चौघांना घर म्हणावं असं काही नव्हतं. बाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्याला खरं हवंय की केंद्र वाचवायचंय, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं.

रविवारी सकाळी त्यांनी हैबतरावांना खोलीत बोलावलं.

"काल सकाळी केंद्रात कोण होतं?"

"मी आणि कान्हू. बाकीचे नऊ वाजता सगुणाबाईंबरोबर वारुळाच्या पूजेला गेले. कान्हू गेलाच न्हाई."

"तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं?"

"धाच्या सुमाराला. बांधाकडं निघाला हुता. फिरू दे म्हटलं जरा."

"मग?"

"मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. धप्पकन. सणाची पोरं डुंबत असतील, असं वाटलं मला." त्यांनी मान खाली घातली. "तितंच चुकलं माझं."

"वेळ नक्की दहाची?"

"रेडिओवर धाच्या बातम्या लागल्या हुत्या. बाई, तीस वर्सं घड्याळावर नोकरी केलीया मी."

"कान्हू तुमच्याशी कसा वागायचा?"

"कसा म्हंजे? सगळ्यांशी वागायचा तसाच."

बाईंनी ते लिहून घेतलं. कान्हूच्या केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात दुसरं लिहिलेलं होतं: व्यवस्थापक खोलीत आले की उठतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, इतर कोणी आल्यास नाही, अधिकाऱ्यांची भीती असावी. आठ महिन्यांत तेच वाक्य त्यांनी तीनदा लिहिलं होतं, आणि तिन्ही वेळा खाली औषध वाढवलं होतं.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. सगुणा तांदूळ निवडत होती. तिचे डोळे सुजले होते, पण हात थांबले नव्हते.

"सगुणा, कान्हूने काल अंघोळ केली होती?"

"पंचमीची अंगोल नाय करनार तं काय? मीच डोक्यावर पानी ओतलं त्याच्या. पोराला कान घासाया सांगावा लागं. नखा पन काढली व्हती आदल्या दिशी."

"त्यानंतर तो कारखान्यात मातीला गेला असेल?"

सगुणाने मान वर केली. डॉक्टरकी शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"पंचमीला माती? बाय, तुमच्या रोह्याला करतात काय असा? त्या दिशी नांगर नाय, कोयता नाय, तवा पन नाय ठेवत आमी. मातीला कोन हात लावल? शुक्रवारीच संध्याकाली शाडूच्या हौदावर फली टाकली नि हलदकुकू व्हायला मीच. कान्हू माज्या बाजूलाच व्हता. तो आमच्यातलाच. तो मेला तरी नाय लावायचा."

शेवटचं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती पुन्हा तांदळावर वाकली. मग बाईंनी आणखी एक विचारलं.

"काल सकाळी दहाला खाडीला पाणी किती होतं?"

"दहाला?" सगुणाने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. "पंचमीला भरती व्हते चार-साडेचारला. दहाला सुकती. मी पूजेवरून येताना बघतला ना, नुसता चिखल. चिखलातल्या निवट्या मासल्या उड्या मारत व्हत्या. पाऊस पन चार दिस नाय."

बाई हौदाकडे गेल्या. फळी जागेवर होती, पण हळदकुंकू तिच्या खालच्या अंगाला होतं. मूर्ती न्यायची हातगाडी पडवीत उभी होती. आजूबाजूच्या सगळ्या वस्तूंवर पांढरी धूळ बसलेली, आणि गाडी मात्र धुऊन लख्ख. सणाच्या दिवशी कारखाना बंद असताना ती कोणी धुतली?

त्यांनी दोन कामं केली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून एकच प्रश्न विचारला. मग कार्यालयाचं कपाट उघडून हैबतरावांच्या नोकरीची फाइल काढली. रुग्णांची फाइल त्यांना पाठ असे. ही फाइल तीन वर्षांत त्यांनी एकदाही उघडली नव्हती.

दुपारी चार वाजता त्यांनी सगळ्यांना नेहमीच्या खोलीत बोलावलं. अकरा माणसं गोल बसली. सोमवारची बैठक रविवारी कशी, असं कोणी विचारलं नाही. हैबतराव दाराशी उभे होते, हवालदार म्हात्रे खिडकीशी. कान्हूची खुर्ची रिकामी होती.

बाई हळू आवाजात बोलल्या, औषधाची मात्रा समजावावी तशा.

"कान्हूने आत्महत्या केलेली नाही. हैबतराव, तुम्ही दहाला पाण्याचा आवाज ऐकलात. काल दहाला त्या खाडीत पाणीच नव्हतं. उडी मारणारा गुडघाभर चिखलात रुतला असता. कान्हू मिठागरावर वाढला होता. बुडायचंच असतं तर तो तिथे त्या वेळी गेला नसता. तुम्ही घाटावरचे. तुमच्या गावाकडे पाणी म्हणजे धरण, सकाळी पाहिलं तेवढंच संध्याकाळी. तीन वर्षं खाडीकाठी राहिलात, पण तिच्याकडे कधी बघितलं नाहीत."

हैबतरावांनी दारातून बांधाकडे पाहिलं.

"तो बुडाला, पण शाडूच्या हौदात. काल सकाळी न्हाताना त्याचे कान घासून झाले होते, नखं कापलेली होती. पंचमीला इथला माणूस मातीला शिवत नाही. तरी त्याच्या नखांत शाडू होता. श्वासनळीतही पांढरी माती सापडली, पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं. फळी परत ठेवताना तुम्ही उलटी ठेवलीत. तिच्यावर हळदकुंकू होतं हे तुमच्या लक्षातच आलं नाही. त्याला हातगाडीत घालून वर प्लास्टिक टाकलंत. दुपारी सगळ्यांना लांब पाठवलंत, बांध स्वतःकडे घेतलात. तीन वाजता पाणी भरत आलं होतं. तेव्हा ते तुम्हाला दिसलं."

"पन का, मॅडम?" म्हात्रे म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खाली होता.

"दोघांच्या फाइली शेजारी ठेवल्या की कळतं. पलटण एक, कंपनी एक. जून नव्याण्णव, चौकी एक. सुभेदारांच्या फाइलीत त्यांनी स्वतः सही केलेला कागद आहे: शिपाई काळू पवार, गोळी लागून जागीच मृत. आणि कान्हू मला म्हणाला होता, काळू जिता होता."

खोलीतल्या कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. बाई थांबल्या नाहीत.

"तो भिंतीकडे तोंड करायचा तो भीतीने नाही. त्याला तुमचं तोंड बघायचं नव्हतं. मी त्यावर गोळ्या दिल्या. आणि शुक्रवारी रोह्याला निघताना मीच तुम्हाला आनंदाने सांगितलं, सोमवारी कान्हू बोलणार. एवढी चूक माझी. पुढचं तुमचं."

हैबतरावांनी पाय जुळवले. सवयीने ताठ झाले.

"सोळा माणसं खाली आणायची हुती," ते म्हणाले. "त्याच्या पोटात गोळी. उचलला असता तर वाटंत गेला असता, आणि आमीबी. कान्हूला हुकूम दिला, चल. त्यो न्हाई आला. काळूचं डोस्कं मांडीवर घेऊन बसला. पुढं दुसऱ्या तुकडीनं त्येला एकट्याला खाली आणला, तवा त्याची वाचा गेल्याली. मी खाली येऊन जागीच मृत लिवलं. जिता टाकून आलो असं कुटल्या कागदावर लिवत्यात, बाई?"

"हे इथे बसून सांगितलं असतंत, तर या अकराजणांना कळलं असतं."

"त्येच तर," हैबतराव म्हणाले. "काल मी त्येला हौदापाशी गाठून हात जोडले. म्हटलं, नको बोलू. त्यानं भिंतीकडं तोंड केलं."

अकराजणांत कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर धावलं नाही. त्यांच्यातला एक म्हातारा नाईक उठला, हैबतरावांसमोर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग दुसरा उठला. मग बाकीचे. म्हात्र्यांनी हैबतरावांचा दंड धरला आणि त्यांना त्या पाठींसमोरून बाहेर नेलं.

केंद्राला कुलूप लागलं नाही. विश्वस्तांनी पुन्हा मऊ आवाजात तसं कळवलं. बाईंनी बरं म्हटलं. त्या रडतील असं सगुणाला वाटलं होतं, म्हणून तिने चहा करून समोर ठेवला. बाईंनी तो गार होईपर्यंत तसाच ठेवला आणि मग पिऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात त्या रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर गेल्या. काळूची आई सोनी तिथे राहत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. ऐकून झाल्यावर सोनीने एवढंच विचारलं, शेवटी जवळ कोण होतं. बाईंनी कान्हूचं नाव सांगितलं. सोनीने ते दोनदा म्हणून पाहिलं.

कान्हू ठाकूर शनिवारी, दोन ऑगस्ट दोन हजार तीनला, सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान मेला. काळू पवार जून एकोणीसशे नव्याण्णवमध्ये मेला. कागदावर त्याची तारीख अकरा आहे, ती खोटी आहे. खरी तारीख एकट्या कान्हूला ठाऊक होती.